गोरखचिंचेचं गाऱ्हाणं

"मुकुंदा, पाल्याचा नाव तोंडातसून काढू नको. बाकी सगळा माझ्यावर सोड," भिकाजीमामा माझ्या कानाशी पुटपुटला.

मामाचं पुटपुटणं म्हणजे इतरांचं साधं बोलणं. होडीवाल्यालाही ते ऐकू गेलं असावं, कारण तो वल्ही मारता मारता गालात हसला. बाबा मात्र पुढच्या फळीवर ताठ बसले होते, मांडीवर नारळाची पिशवी, नजर पलीकडच्या काठावर. त्यांनी ऐकलं की नाही ते त्यांच्या पाठीवरून कळेना.

'माझ्यावर सोड' हे मामाचे शब्द ऐकले की मी आधी देवाचं नाव घ्यायचो. थोरल्या बहिणीच्या लग्नात वाजंत्री ठरवण्याचं काम असंच मामावर सोडलं होतं. वाजंत्री आली, अगदी वेळेवर आली, पण शेजारच्या गावातल्या बारशाला. आणि आज प्रश्न माझ्याच लग्नाचा होता.

आमच्या कोंडसुऱ्यात देवळासमोर गोरखचिंच आहे. ज्यांनी हे झाड पाहिलं नाही त्यांना सांगतो, अंगानं हत्ती आणि डोक्यावर चार केस असं त्याचं रूप. गोरखनाथांनी त्याच्या बुंध्याशी धुनी लावली होती, म्हणून आमच्या गावाला ते झाड नव्हेच, ते गोरखबाबा. त्याच्या पानाला नख लावायचं नाही, खाली पडलेलं फळ उचलून खाडीत सोडायचं. बाबा गावचे मानकरी. जत्रेत, लग्नकार्यात, नवसाला त्या झाडाखाली गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांच्या वतीनं देवाला मोठ्यानं विनवायचं, ते बाबांनीच. आणि राखण तर अशी की, एकदा वामन तेल्याच्या बकरीनं लोंबत्या फांदीचा शेंडा ओरबाडला तेव्हा बाबांनी तिला दाव्यानं धरून झाडासमोर उभी केली आणि तिच्या वतीनं रीतसर माफी मागितली. "ह्या मुक्या जनावराक बुद्धी दी म्हाराजा" म्हटल्यावर आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो. बकरीही काहीतरी म्हणाली.

खाडीपलीकडच्या भाटखोलातही अगदी असंच झाड होतं. पण त्यांची कथा निराळी. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे फार पूर्वी गलबतावरचा एक हबशी खलाशी आजारी पडून एक पावसाळा त्यांच्या गावात राहिला. त्यानं आपल्या मुलखाची आठवण म्हणून कमरेच्या पिशवीतलं बी पेरलं, आणि जाताना सांगून गेला की याच्या पाल्याची भाजी करा, बिया भाजून खा, कोणी उपाशी मरणार नाही. भाटखोलानं ते मनावर घेतलं. श्रावणात कोवळ्या पाल्याची भाजी, उरलेला पाला वाळवून त्याची पूड आमटीत, आणि मिठात भाजलेल्या बिया पोरांच्या खिशात. आम्ही त्यांना 'देवखाऊ' म्हणायचो. ते आम्हाला 'पालाराखे' म्हणायचे. दोन्ही गावांत सोयरीक अशी कधी झालीच नव्हती.

मी बाजारगावच्या सोसायटीत कारकून होतो आणि हेमलता परब तिथल्याच शाळेत शिकवायची. दोघांची होडी एकच. पहिलं वर्षभर आम्ही फक्त भरती-ओहोटीबद्दल बोललो. एवढं पाणी एवढ्या बारकाईनं कोणत्या खलाशानंही पाहिलं नसेल. मग एक दिवस तिनं डबा उघडून माझ्यापुढे धरला. आत हिरवी भाजी होती. मी खाल्ली, आवडली, आणि मग तिनं ती कशाची ते सांगितलं. मी घास गिळायचा थांबलो नाही, त्यावरून तिनं काय ओळखायचं ते ओळखलं.

आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. बाबांशी असल्या गोष्टी बोलायला मला मामाशिवाय कोणी नव्हतं. मामानं विषय काढला तेव्हा बाबा अंगणात दोरी वळत होते.

"पोरगी बरी आसात," ते म्हणाले. "पण गाव देव खाता."

"खाय होतो, भावजी. आता खंय? नव्या पोरांका असला कोण खाता! सोडल्यानी कधीच."

हे धादांत खोटं होतं. बाबांनी दोरी वळायची थांबवली.

"सोडल्यानी?"

"देवाशप्पत."

"मगे जावया तेंच्या गावाक. पण थंयच्या झाडाखाली मी गाऱ्हाणा घालतलंय. सोडला म्हणान त्यांनी देवासमोर व्हय म्हणूचा. मगे चेडू आमचा."

इथं गाऱ्हाण्याचा नियम सांगायला हवा. गाऱ्हाण्यात खोटं बोलायचं नाही, आणि खोट्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं नाही. म्हटलं तर काय होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण आजवर कोणी म्हटलंच नव्हतं. हा नियम दोन्ही काठांवर सारखाच होता.

मामानं त्यातूनही वाट काढली. श्रावणातला रविवार धरायचा, भाटखोलकरांनी जेवण असं घालायचं की बाबा जेवून आडवे झालेच पाहिजेत. मग भरती चुकेल म्हणून ऐन वेळी त्यांना उठवून होडीत बसवायचं. गाऱ्हाणं राहून जाईल, सुपारी आधीच फुटलेली असेल. एकदा हेमा घरात आली की पुढचं पुढे. आदल्या दिवशी मामा स्वतः पलीकडे जाऊन बजावून आला होता, ताटात पाला दिसता कामा नये आणि झाडाजवळ कोणी फिरकता कामा नये.

"तेंका सगळा समाजला," मामा होडीतून उतरताना म्हणाला. "हुशार माणसा आसत."

हेमाचे वडील, आबा परब, धक्क्यावरच उभे होते. टोपी नवी, सदरा नवा, चेहरा मात्र बुडत्या माणसाचा. त्यांनी बाबांना नमस्कार केला, मामाला केला, आणि गडबडीत होडीवाल्यालाही केला.

पानं मांडली होती. मी बाबांच्या शेजारी बसलो, मामा समोर. वरण, भात, बटाट्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, खीर. आणि पानाच्या डाव्या बाजूला, चटणीच्या खाली, एक हिरवा ढीग. बारीक चिरलेला, डाळ घातलेला, वरून ओलं खोबरं.

मी हेमाकडे पाहिलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले.

झालं होतं असं की मामानं सांगितलेलं सगळं हेमाच्या आईला समजलं होतं, पण पटलं नव्हतं. भाटखोलात व्याह्यांच्या पहिल्या पंगतीला हा पाला वाढल्याशिवाय सोयरीक टिकत नाही, असं त्यांच्याकडे आजेसासूपासून चालत आलेलं. लेकीच्या लग्नात अपशकुन करायला ती माउली तयार नव्हती. बारीक चिरला, खोबऱ्याखाली दडवला, तर पुरुषमाणसांना पाल्यातलं काय कळतंय, असा तिचा हिशेब. माझ्याबाबतीत तो चुकला होताच.

बाबांनी वरणभात कालवला. उसळीची चव घेतली. मग बोटं त्या हिरव्या ढिगाकडे गेली. त्यांनी घास तोंडात घातला आणि थांबले. जबडा हलेना. मग हळूहळू चावायला लागले, खूप वेळ चावत राहिले.

"कसली भाजी ही?"

"टाकळो!" मामा म्हणाला.

"कुडो," आबा त्याच क्षणी म्हणाले.

"शेगटाचो पालो," स्वयंपाकघरातून हेमाची आई.

बाबांनी तिघांच्या दिशेनं एकेकदा पाहिलं.

"तिनय एकाच झाडाक लागतत?"

"मिसळीची भाजी," मामानं सावरून घेतलं. "हंय तशीच पद्धत. तिनय पाले एकत्र करतत. आंगाक बरो."

बाबांनी मान हलवली. पुन्हा घास घेतला. ढीग संपल्यावर म्हणाले, "वाढ गो बाय, आजून."

हेमानं वाढली. पण तिची नजर बाबांच्या तोंडाकडे होती, अर्धी भाजी खिरीत गेली. बाबांनी ती खिरीतूनही उचलून खाल्ली. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

"तिखट लागला, भावजी?" मामानं विचारलं.

"नाय."

मला वाटलं, जिंकलं. देव पोटात गेला आणि पुजाऱ्याला पत्ता नाही. मामानं समोरून मला डोळा मारला. त्याच्या चेहऱ्यावर आता असं तेज होतं की पुढच्या पाच भाच्यांची लग्नं तो एका दमात जमवील.

जेवणं उरकून आम्ही पडवीत आलो. आबांनी पानाचं तबक आणलं आणि सवयीनं, अगदी रोजच्या सवयीनं, भिंतीतल्या फडताळातला डबा काढून मूठभर भाजलेल्या बिया बाबांच्या हातावर ठेवल्या. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. चेहरा खडूसारखा झाला.

"चिंचोके!" मामा जवळजवळ ओरडला. "हंयचे चिंचोके असेच... बारके."

बाबांनी एक दाताखाली फोडला.

"बरे आसत चिंचोके," ते म्हणाले, आणि बाकीचे सदऱ्याच्या खिशात टाकले.

आता ते आडवे व्हायला हवे होते. आबांनी चटई अंथरली, उशी ठेवली, वर स्वच्छ पंचा घातला. बाबांनी चटईकडे पाहिलं, आणि नारळाची पिशवी उचलून उभे राहिले.

"चला. झाड खंय आसा?"

"भावजी, भरती!" मामा उठला. "होडी चुकतली. पाणी बगा कसा वाढता!"

"भरती येतली नि जातली. गाऱ्हाणा व्हया."

असं म्हणून ते पायऱ्या उतरले. आम्ही मागून निघालो ते तिरडीमागून निघाल्यासारखे. वाटेत मामा माझ्या कानात म्हणाला, "घाबरू नको. गाऱ्हाण्यात मीच मोठ्यान व्हय म्हणतंय. पाप माका." मला त्याही स्थितीत त्याचा लोभ वाटला. हेमा माझ्यापासून हातभर अंतरावर चालत होती. ती एवढंच म्हणाली, "माजे बाबा देवासमोर खोटा बोलूचे नाय. तुमी घरी जावा, आपला नशीब." तिच्यावाचून उद्यापासून त्या होडीत कसं बसायचं, एवढंच डोक्यात येत होतं.

वळणावर झाड दिसलं. आमच्या झाडासारखंच अवाढव्य, फक्त खालच्या फांद्या कोंबडी सोलल्यासारख्या उघड्या. बुंध्याला शिडी लावलेली. शिडीच्या टोकावर, नऊवारीचा काचा मारून, हातात आकडी घेतलेली एक म्हातारी. हेमाची गोदाआत्या. ती पलीकडच्या वाडीवरून थेट झाडाकडेच आली होती, तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

तिनं वरून आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"इलास व्हय, व्याह्यांनू? भाजी आवाडली मां? बगा, तुमका घरी न्हेवक आजून काडतंय! कवळो कवळो बगून!"

आणि तिनं आकडीनं एक डहाळी खाली ओढली. ती बाबांच्या पायाशी पडली.

मामानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "ती... कावळे हाकलूक चडली आसा."

बाबा वाकले. डहाळी उचलून त्यांनी ती बुंध्याशी ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला, टोपी नीट केली आणि हात जोडले. आजूबाजूच्या घरांतली माणसंही येऊन उभी राहिली. गाऱ्हाणं म्हटलं की आमच्याकडे माणूस हातातलं काम टाकून येतो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या भाटखोलच्या थळातल्या गोरखबाबा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज हो कोंडसुऱ्याचो दाजी गावकर तुज्या पायाकडे इल्लो आसा. झिलाचा लगीन जमवक इल्लो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हंयच्या माणसांनी तेका जेवक घातल्यानी. त्या जेवणात तुजो पालो होतो, म्हाराजा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. खरं होतं, म्हणजे व्हय म्हणायलाच हवं होतं. आणि व्हय म्हटलं की माझं लग्न मोडलं. मामा, ज्यानं पाप स्वतःवर घ्यायचं कबूल केलं होतं, आता चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होता. पाप घ्यायची त्याची तयारी होती, खरं बोलायची नव्हती. शेवटी आबा परबांनी घसा खाकरला.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. एकटेच. माझ्याकडे न बघता.

"तो पालो दाजीन तीनदा घेवन खाल्लो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" हे लोकांना जरा सोपं गेलं.

"पयल्या घासाक वळाकल्यान, नि वळखान खाल्लो, म्हाराजा."

मामाचा 'व्हय' अर्ध्यावरच थांबला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि आवाज आमच्या जत्रेतला नव्हता, खालच्या पट्टीतला होता.

"मानमोडीच्या तापाच्या सालात दाजीचो बापूस गेलो, म्हाराजा. त्याच वर्सा पाऊसय गेलो. घरात भाताचो दाणो नाय. पोरगो आठ वर्साचो. तेवा दाजीची आवस, भागीरथी, काळोख पडल्यार पलतडच्या तुज्या भावाकडे, आमच्या झाडाकडे, जाय, नि पालो खुडून हाडी. मीठ नाय, खोबरा नाय. नुसतो उकडलेलो. तेतूर दाजी जगलो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." कोण म्हणालं ते कळलं नाही. बायकांतून आवाज आला होता.

"खुडताना तिणा नवस बोललान, पोरगो जगलो तर तो तुजी राखण करतलो. तशी दाजीन केल्यान. बकऱ्यांकय सोडूक नाय. पण राखण कित्याक, ता कोणाक सांगूक नाय. आवशीक लोक चोर म्हणतीत म्हणान सांगूक नाय, म्हाराजा."

आजी मी रांगत होतो तेव्हा गेली. तिच्याविषयी घरात एवढंच सांगितलं जायचं, की ती झाडाला रोज दिवा लावायची.

"हंयची माणसा तुका उजेडात खातत. आमी काळोखात खाल्लांव. तेतूर कोणाचा काय चुकला आसात, तर ता सगळा पोटात घाल. नि ह्या दोन पोरांका सुखात ठेव, म्हाराजा!"

सगळ्यांच्या आधी वरून, शिडीच्या टोकावरून, गोदाआत्याचा खणखणीत आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

मग सगळे एकदम म्हणाले. आबा परब तर दोनदा म्हणाले, आणि नव्या सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. हेमानं माझा हात धरला, भर गावासमोर, आणि सोडायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. बाबांनी नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा तिला दिला. मग वर पाहून म्हणाले, "गोदाबाय, उतरा आता. नि ता काय खुडलास, ता ह्या पिशयेत भरा."

परतीच्या होडीत बाबा तसेच पुढच्या फळीवर बसले, मांडीवर पिशवी. फक्त आता तिच्यातून हिरवे शेंडे बाहेर डोकावत होते. अर्धी खाडी पार होईपर्यंत मामा बोटांवर काहीतरी मोजत होता.

"भावजी," तो अखेर म्हणाला, "पयल्या घासाक कळला, मगे तीनदा कित्याक घेतलास?"

बाबांनी पाण्याकडे पाहत खिशातली एक बी काढून तोंडात टाकली.

"पयल्यांदा वळख पटली. दुसऱ्यांदा आवस आठावली."

"नि तिसऱ्यांदा?"

"तुजा तोंड बगूक मजा येय होती."

होडीवाला इतका हसला की वल्हं सुटता सुटता राहिलं.

आमच्या काठाला लागलो तेव्हा ऊन अजून चांगलं होतं. धक्क्यावर निम्मा गाव बसलेला. दाजी गावकर देवखाऊंच्या गावातून सोयरीक ठरवून येतात की मोडून, ते बघायला. वामन तेली पुढे आला, त्याची बकरीही होती. तिनं पिशवीकडे मान लांब केली.

"दाजीनु, पिशयेत काय?"

"टाकळो!" मामा म्हणाला. सवय कुठे जाते.

"गप रे," बाबा म्हणाले. त्यांनी पिशवीचं तोंड उघडून वामनसमोर धरलं, मग बाकीच्यांनाही दिसेल अशी वर केली. "गोरखचिंचेचो पालो. माजी आवस करी तशी भाजी करतलंय. कोणाक व्हयी तर घरी येवा."

त्या दिवशी कोणी आलं नाही. पुढं हेमा घरात आल्यावर यायला लागले, आधी मागच्या दारानं, मग पुढच्या. ती खोबरं घालून करते, आणि तीच गावाला आवडते.

पण त्या संध्याकाळी बाबांनी चूल स्वतः पेटवली. मी खोबरं किसायला घेतलं तर त्यांनी नारळ माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला, मिठाची बरणीही झाकली. नुसता उकडलेला पाला त्यांनी माझ्या ताटात वाढला, आणि तो अगदी बेचव होता. मी दोनदा मागून खाल्ला.